नलावड्यांच्या गॅलरीतला बूस्टर

"अहो, मी वर जातेय. पारकरभाभींनी जरा लवकर बोलावलंय," आरशासमोर गजरा माळत वैजयंतीबाई म्हणाल्या.

जोतीराम नलावडे टीव्हीसमोर बसले होते. त्यांच्या मागे दहा खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या होत्या आणि दहाच्या दहा रिकाम्या होत्या.

"टेनिस बघायला गजरा?"

"फायनल आहे ना आज."

"आठ वर्षं फायनल या घरात झाल्या. तेव्हा तू आतून ओरडायचीस, संपला का तुमचा तो चेंडू म्हणून."

"तुम्ही कधी धड सांगितलंत का मला? पंधरा झाल्यावर एकदम तीस आणि मग चाळीस असं का, ते पारकरभाऊंनी चहा गार व्हायच्या आत समजावलं. तुम्हाला विचारलं की तुम्ही म्हणायचात, तुला नाही कळायचं."

आणि त्या गेल्यासुद्धा. चपलांचा आवाज जिन्याने वर चढत गेला, वरचं दार उघडलं, "या वहिनी, या!" झालं, आणि दार बंद झालं. नलावड्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता हा काय प्रकार होता, ते सांगायला हवं. नेरुळच्या सागरदीप सोसायटीत टेनिस म्हणजे नलावडे, हे ठरलेलं होतं. गडी मूळचा साताऱ्याकडचा. वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर नोकरी. गोणीत कोपरापर्यंत हात घालून आतला माल किती दिवस टिकेल ते सांगायचा, आणि ते तंतोतंत खरं व्हायचं. पंच्याऐंशी साली मालकाच्या घरी कलर टीव्हीवर सतरा वर्षांच्या पोराने विंबल्डन जिंकलेलं त्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून कांद्याला लावायची ती नजर त्यांनी टेनिसपटूंनाही लावली. "हा माल चौथ्या सेटच्या पुढे टिकत नाही," असं एकदा म्हणाले की संपलं. सोसायटीतली माणसं ऐकून घ्यायची. दुसरं कुणी सांगणारच नव्हतं.

नव्याण्णवच्या जानेवारीत वरच्या मजल्यावर अब्दुर्रहमान पारकर राहायला आले आणि सगळं बिघडलं. पारकर मूळचे श्रीवर्धनकडचे. बारा वर्षं दुबईच्या एका हॉटेलात इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी टेनिस तिथल्या कोर्टासमोर बसून पाहिलेलं होतं. येताना त्यांनी एकोणतीस इंची टीव्ही आणला. त्यांच्या बायकोच्या, करिमुन्निसाच्या, हातची वाफवलेली गोड सांदणं एकदा खाल्ली की माणूस सेट विसरायचा. आणि इतकं असून या माणसाने बढाई मारावी की नाही? तर नाही! "मला आपलं वाटतं हां, ही जिंकेल," असं हळूच म्हणायचे, आणि ती जिंकायची. जानेवारीत ऑस्ट्रेलियात हिंगिस जिंकेल म्हणाले, जिंकली. नलावड्यांनी जिचं नाव घेतलं होतं ती सेमीफायनललाच घरी गेली.

नलावड्यांना त्या माणसाचा राग येत होता असं म्हणणं बरोबर नाही. राग यायला कारण लागतं. त्यांना हेवा वाटत होता, सरळ सरळ हेवा. पारकरांच्या टीव्हीचा, सांदणांचा, दुबईचा आणि सर्वात जास्त त्या "मला आपलं वाटतं हां"चा.

गुरुवारी पॅरिसच्या स्पर्धेच्या सेमीफायनल झाल्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी गंगाराम पवार यांनी गेटजवळ विषय काढला. गंगारामरावांची अख्खी नोकरी सरकारी कचेरीत गेलेली. कुठल्याही गोष्टीचा कागद झाल्याशिवाय ती गोष्ट घडली असं ते मानत नसत.

"नलावडे, काय म्हणता? स्टेफी की हिंगिस?"

"स्टेफी. विचारता काय! वागणं बघा तिचं. पॉइंट गेला तरी मान खाली, घेतला तरी मान खाली. पंच चुकला तरी तोंडातून शब्द नाही. आणि ही दुसरी? सारखी हसते काय, पंचाशी वाद घालते काय! वरून लालबुंद दिसतो ना कांदा, पण आत कोंब असतो, तसली गत आहे."

"अठरा वर्षांची पोर आहे हो," पारकर म्हणाले. "बोलते थोडं."

"अठराव्या वर्षी मी पाठीवर गोणी घेऊन गपचूप चालत होतो!"

"ते खरंच. पण मला आपलं वाटतं हां, हिंगिसच जिंकेल. सरळ दोन सेटमध्ये."

मग काय, गंगारामरावांनी दोघांना दोन चिठ्ठ्या लिहायला लावल्या आणि सोसायटीच्या शिक्क्याच्या डब्यात टाकल्या. ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याच्या घरी विंबल्डन. पूर्ण पंधरा दिवस, फायनलसकट. नलावड्यांनी लिहिलं: "स्टेफी. पहिला सेट घालवेल, पुढचे दोन घेईल." चिठ्ठीची घडी त्यांनी चारदा दुमडली. कारण प्रश्न स्टेफीचा नव्हताच. त्या दहा खुर्च्यांवर पुन्हा माणसं बसणार की नाही, हा प्रश्न होता.

तर शनिवारी संध्याकाळी मॅच सुरू झाली. आदल्याच दिवशी आपण वर्ल्डकपमध्ये ऑस्ट्रेलियाकडून हरलो होतो, त्यामुळे क्रिकेटवर रुसलेली सगळी सोसायटी टेनिसकडे वळली होती. म्हणजे पारकरांकडे. "तुम्हीही या ना वर, जोतीरामभाऊ," असं पारकर सकाळी दोनदा सांगून गेले होते. नलावडे म्हणाले होते, "माझ्या घरी टीव्ही आहे."

पहिला सेट हिंगिसने घेतला. वर टाळ्या पडल्या. त्यातली एक टाळी बांगड्यांसकट होती आणि ती कुणाची हे ओळखायला नलावड्यांना एकवीस वर्षांचा संसार पुरेसा होता. माझी बायको, मी दिलेल्या बांगड्या, आणि टाळ्या त्याच्या हिंगिसला!

दुसऱ्या सेटमध्ये तर कहरच झाला. एका चेंडूवरून हिंगिसचं बिनसलं आणि ती सरळ नेटला वळसा घालून स्टेफीच्या बाजूला गेली, मातीवरची खूण दाखवायला. पंचांनी तिचा एक पॉइंट कापला. नलावडे खुर्चीतून ताडकन उठले.

"बघा! बघा! काय सांगत होतो मी! दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकला!"

पण हे ऐकायला दहा रिकाम्या खुर्च्याच होत्या. एवढा मोठा मुद्दा सिद्ध झाला आणि साक्षीदार कुणी नाही! त्यांना राहवेना. गॅलरीत जाऊन त्यांनी मान वर केली. "पारकर! ओ पारकर! बघितलंत का वागणं?"

वरून पारकरांचं डोकं बाहेर आलं. "काय म्हणालात, जोतीरामभाऊ? वर या हो, सांदणं गरम आहेत!"

नलावडे दात खात आत आले. तोवर चार-चार झालं, पाच-चार झालं. आता सर्व्हिस हिंगिसची. हा एक गेम घेतला की मॅच तिची, अंदाज पारकरचा, विंबल्डन पारकरकडे आणि पुढची सगळी टेनिसं पारकरकडे. वर आतापासूनच कुणीतरी शिट्टी मारली.

आणि नेमकी तेव्हाच नलावड्यांची नजर गॅलरीतल्या त्या डब्याकडे गेली.

हा डबा म्हणजे केबलचा बूस्टर. केबलवाला हिरामण करावे गावचा. तार लांब गेली की चित्राला मुंग्या येतात, म्हणून तो दर चार इमारतींमागे असा एक डबा लावायचा. डब्याला लागते वीज. ती ज्याच्या घरातून घ्यायची त्याला केबल फुकट, असा रिवाज होता. सागरदीपचा डबा नलावड्यांच्या गॅलरीत, पाण्याच्या पिंपाच्या वर खिळ्याला टांगलेला होता आणि त्याचा प्लग शेजारच्या भिंतीत होता. त्या प्लगवर सागरदीप आणि पुढच्या तीन इमारती मनोरंजन करून घेत होत्या.

नलावड्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मॅच दिसलीच नाही तर निकाल कसला, असा एक अत्यंत कायदेशीर विचार त्यांच्या मनात आला. आणि त्यांनी प्लग उपटला.

वर एकदम "अरेरेरे!" झालं. आहाहा! जानेवारीपासून असा गोड आवाज नलावड्यांनी ऐकला नव्हता. पण त्या गोडीचा आस्वाद घ्यायला त्यांना पुरतं अर्धं मिनिटही मिळालं नाही, कारण जिन्यावर दहा-बारा पावलांचा धडधडाट सुरू झाला. तो वरून खाली, थेट त्यांच्याच दाराशी येत होता. येणारच! बूस्टर कुणाच्या घरात आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. हा भाग नलावड्यांच्या डोक्यातच आला नव्हता.

प्लग परत लावावा तर चित्र परत येणार. न लावावा तर तो लोंबकळताना सगळ्यांना दिसणार. नलावड्यांनी घाईघाईने तो पिंपाच्या मागे दडवला आणि दार उघडलं.

"काय झालं हो नलावडे?" गंगारामराव घुसलेच. मागे पारकर, वैजयंतीबाई आणि निम्मी सोसायटी. "तुमचाही गेलाय का?"

"गेला की! मीच आता विचारायला येणार होतो," नलावडे मुंग्या-मुंग्या झालेल्या टीव्हीकडे हात करत म्हणाले.

"बूस्टरचं काहीतरी असेल. मी बघतो," पारकर गॅलरीकडे निघाले. "आमचं कामच हे. बारा वर्षं तेच केलं."

"तुम्ही नका त्रास घेऊ!"

"त्रास कसला?"

"पाहुणे आहात तुम्ही!" नलावडे ओरडले आणि पारकरांच्या आधी गॅलरीत पोचले. पारकरांनी डब्याकडे पाहिलं. "दिवा बंद आहे त्याचा. करंट येत नाहीये. वायर कुठं जाते बघू," म्हणत ते पिंपाच्या दिशेने वाकले.

आता वायर जात होती पिंपाच्या मागे. नलावड्यांनी कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं. ते स्टुलावर चढले, "थांबा, माझ्या घरचा डबा आहे, मला त्याची सवय आहे," म्हणाले आणि डबा खिळ्यावरून ओढला. डबा निघाला, पण त्याला जोडलेल्या केबलच्या तारांनी उलटा हिसका दिला, नलावडे स्टुलावर डुलले आणि हातातला बूस्टर डुबुक करून पिंपात गेला. त्याच्यामागून वायर सळसळत गेली आणि सर्वात शेवटी प्लगसुद्धा गेला.

सगळे पिंपाभोवती वाकले. तेवढ्यात खालून आवाज यायला लागले. पुढच्या तीन इमारतींमधली माणसं रस्त्यावर आली होती. तिकडे पाकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेची मॅच चालू होती आणि पाकिस्तान हरताना बघायला बसलेल्या माणसांचा टीव्ही बंद करणं म्हणजे काही साधी गोष्ट नाही. "कुणाच्या घरात आहे बूस्टर?" अशी विचारणा होत होती आणि ती विचारणाऱ्यांचा सूर फारसा चांगला नव्हता.

पारकरांनी बाही वर करून पिंपात हात घातला आणि डबा बाहेर काढला. मग वायर काढली. मग प्लग काढला. त्यांनी प्लगकडे पाहिलं, भिंतीतल्या सॉकेटकडे पाहिलं, आणि मग नलावड्यांकडे पाहिलं.

"बरं झालं, प्लग आधीच निघालेला होता," ते शांतपणे म्हणाले. "नाहीतर शॉक बसला असता तुम्हाला, जोतीरामभाऊ."

वैजयंतीबाईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. नलावडे टॉवेल शोधायला आत गेले.

कुणीतरी स्कूटरवरून जाऊन हिरामणला करावे गावातून उचलून आणलं. तो पावसाळ्याआधी घरावर ताडपत्री टाकत होता, तसाच धुळीने माखलेला आला. बूस्टर उलटा केल्यावर त्यातून पेलाभर पाणी निघालं.

"शेट, यो पान्यान परला कसा?"

"पडला. हातातून सुटला."

"पन तुमी हात कशाला लावलाव? आता यो काय चालायचा नाय. नवा आनाला लागंल, उद्या सकालचे."

म्हणजे आजची मॅच गेलीच. रस्त्यावरची माणसं जिन्यापर्यंत आली होती. "पण पडला कसा?" हा प्रश्न गंगारामरावांनी दुसऱ्यांदा विचारला आणि तिसऱ्यांदा विचारण्याच्या तयारीत होते. नलावड्यांना वाटलं, या बूस्टरवरून बोलणं आता हटवलंच पाहिजे, मग काहीही द्यावं लागो.

"जाऊ द्या हो तो बूस्टर!" ते छाती पुढे काढून म्हणाले. "मॅचचं बोला. पाच-चार होते, सर्व्हिस तिची. जिंकलीच असणार ती. मी मोकळ्या मनाने मान्य करतो. मी हरलो. विंबल्डन पारकरांकडे!"

"वा! याला म्हणतात खिलाडूवृत्ती!" गंगारामराव गहिवरले. आणि गहिवरले तरी कागद विसरले नाहीत. तिथल्या तिथे त्यांनी ठराव लिहिला: श्री. जोतीराम नलावडे हे स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, पराभव मान्य करून विंबल्डनचा हक्क श्री. पारकर यांना देत आहेत. नलावड्यांनी सही केली. वर सोसायटीचा गोल शिक्का बसला. "घाई काय आहे? निकाल तर कळू द्या," असं पारकर म्हणत होते, पण नलावड्यांनी त्यांना बोलूच दिलं नाही.

रविवारी सकाळी पेपर आला. नलावड्यांनी शेवटचं पान उघडलं आणि बनियनवरच उभे राहिले.

स्टेफी जिंकली होती. ४-६, ७-५, ६-२. पहिला सेट घालवून पुढचे दोन घेतले होते. अगदी चिठ्ठीत लिहिल्याबरहुकूम.

"वैजयंती! अगं वैजयंती! जिंकलो!" नलावडे पेपर नाचवत स्वयंपाकघरात शिरले. "हे बघ! आणि त्या पोरीचं वागणं वाच. शेवटी तर खालून हात घालून सर्व्हिस केली म्हणे. लोकांनी हुर्यो केली, रडत आत निघून गेली, मग आई हाताला धरून परत घेऊन आली. मी म्हणत नव्हतो? दुसऱ्याच्या बाजूला जाऊन उपद्व्याप करणाऱ्याचं असंच होतं!"

वैजयंतीबाई पोळी लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "ती निदान सगळ्या जगासमोर गेली हो नेटपलीकडे. पिंपाच्या मागे नाही लपवलं काही."

नलावड्यांचा पेपर खाली आला. पण जिंकलेला माणूस फार वेळ गप्प बसू शकत नाही. शर्ट चढवून ते गंगारामरावांकडे गेले. डबा उघडला, चिठ्ठी निघाली, वाचली गेली. माणसं जमली. पारकरही आले आणि त्यांनी नलावड्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"कमाल केलीत, जोतीरामभाऊ! सेट-बिट सगळं बरोबर. विंबल्डन तुमच्याकडे."

गेल्या पाच महिन्यांत नलावड्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. ते किती वेळ वाटलं, तर गंगारामरावांनी चष्मा पुसेपर्यंत.

"असं कसं?" गंगारामराव म्हणाले. "ठराव झालेला आहे."

"अहो, पण अंदाज खरा ठरला ना माझा!"

"ठरला, नाही कुठं म्हणतो? पण सही आहे, शिक्का आहे. रद्द करायचा तर दुसरा ठराव लागेल आणि त्यात कारण द्यावं लागेल. म्हणजे बघा, मॅच शेवटपर्यंत का पाहता आली नाही, बूस्टर कसा पडला, त्याआधी करंट कशामुळे गेला होता, हे सगळं नमूद करावं लागेल. मी आत्ता लिहून घेतो. सांगा."

गंगारामरावांनी पेनाचं टोपण काढलं. सगळे नलावड्यांकडे बघत होते. नलावडे पारकरांकडे बघत होते. पारकर छताच्या पंख्याकडे बघत होते.

"राहू द्या," नलावडे म्हणाले. "विंबल्डन काय, कुठेही बघितलं तरी तेच."

हिरामणने नवा बूस्टर आणला तो थेट पारकरांच्या गॅलरीत लावला. "तुमच्याकरं पिंप हाय, शेट," एवढंच त्याने कारण दिलं. नलावड्यांच्या घरातली फुकट केबलही त्या दिवशी वर गेली.

विंबल्डन सुरू झालं. पहिल्या दिवशी नलावडे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी वैजयंतीबाई म्हणाल्या, "येताना दोन खुर्च्या घेऊन या, त्यांच्याकडे कमी पडतात," तेव्हा मात्र ते दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन जिना चढले. पारकरांनी त्यांना टीव्हीसमोरची मधली जागा दिली. करिमुन्निसाभाभींनी सांदणं दिली. ती खरोखरच फार चांगली होती, आणि त्याचंही नलावड्यांना वाईट वाटलं.

हात धुवायला ते गॅलरीत गेले. तिथे नवा बूस्टर होता. त्याच्या प्लगला, भिंतीवरच्या सॉकेटसकट, काळ्या चिकटपट्टीचे चांगले तीन वेढे घातलेले होते.

"गॅलरीत वारा असतो ना," मागून पारकरांचा आवाज आला. ते पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. "कधी कधी निघतो आपोआप. मी कुणाला काही बोललेलो नाही."

नलावड्यांनी तांब्या घेतला. या माणसाचा टीव्ही मोठा, सांदणं चांगली, आणि आता हा स्वतःही चांगला निघाला. म्हणजे हेवा करायला आणखी एक गोष्ट वाढली. त्यांनी चूळ भरली आणि ते आत येऊन बसले.

आत गलका चालला होता. हिंगिस पहिल्याच फेरीत हरली होती. तेही दोन सरळ सेटमध्ये, एका अगदी कोवळ्या पोरीकडून.

"बरी जिरली!" गंगारामराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "पॅरिसला काय तो धिंगाणा! काय नलावडे? तुम्ही तर आधीपासून सांगत होतात. आत कोंब म्हणून. बोला की!"

सगळ्या माना नलावड्यांकडे वळल्या. जानेवारीपासून ज्या गोष्टीसाठी जीव तळमळत होता ती आज मिळाली होती. भरलेलं घर, सगळ्यांचे कान त्यांच्याकडे आणि विषय वागणुकीचा. नलावड्यांनी घसा खाकरला.

"लहान आहे हो," ते म्हणाले. "जीव लावून खेळत होती. समोरच्याला टाळ्या पडताना ऐकल्या की माणसाचं डोकं फिरतं. जातो एखादा नेटपलीकडे. मग रडतोही. एवढं काय धरून बसायचं?"

गंगारामराव बघतच राहिले. पारकरांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. वैजयंतीबाईंनी स्वतःच्या बशीतलं शेवटचं सांदण नवऱ्याच्या बशीत ठेवलं.

"अय्या," त्या हळूच म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुम्ही मला टेनिसमधलं काही नीट समजावून सांगितलंत."